गाडी आली, झाका!

नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ जळते दिवस, लागला की आमच्या अंगणात अजूनही दुपारची गाडी येते. पुलगावहून आर्वीकडे जाणारी, छोट्या लाईनीची. खरं तर ती लाईन कधीच बंद पडली. रूळ काही ठिकाणी बाभळींनी गिळले, काही ठिकाणी माणसांनी. आमच्या रोहण्याच्या स्टेशनातल्या खोलीत सोयाबीनचं कुटार, गुरांचा भुसा, भरलेलं असतं. तरीही ऊन डोक्यावरून जरासं कललं की मोठी आई मान वर करते, लाईनीकडच्या कडुलिंबाकडे बघते आणि ओरडते, "गाडी आली, झाका!" मग एकटीच उठून, गुडघ्यावर हात ठेवत, खाटेवरच्या वड्यांवर जुनं लुगडं पसरते. थोडा वेळ तशीच उभी राहते. तिच्या हिशेबाने गाडी गेली की लुगडं काढून बाजूला ठेवते.

यंदाही तिने तसंच केलं. फरक एवढाच की यंदा ते बघायला पुण्याहून माझा भाऊ आलेला होता, आणि ते बघून त्याने ठरवून टाकलं की मोठी आईला आता इथे ठेवायचं नाही. तिच्या डोक्यावर परिणाम झालाय.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा फार लवकर गेले, मला ते आठवतही नाहीत. त्यांनी हे घर गाव सोडून लाईनीला लागून बांधलं, कारण इथली जागा स्वस्त होती. धुरात कोण राहणार? मूलबाळ नाही. शेत मक्त्याने दिलेलं. माझे आईवडील वर्ध्याला, एक शाळेत आणि एक कचेरीत, त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी लागली की दादाला आणि मला एसटीत बसवून इकडे पाठवून द्यायचे. आता मीही तिच्यासोबत इथेच राहते. लाईनीच्या आंदोलनासाठी म्हणून आले आणि राहिले.

मी पत्रकं लिहिते. 'छोटी लाईन मोठी करा' ही आमची मागणी, आणि ही ओळ माझी आहे. चौकात कर्णा लावून बोलते, आर्वीच्या बसस्टँडवर कागद वाटते, निवेदनं देते, त्यांची पोच घेते. आपल्याकडे पंचेचाळिशीपर्यंत माणूस युवा कार्यकर्ता असतो, त्या हिशेबाने मी अजून युवा आहे. आंदोलन समितीची पहिली बैठक आमच्याच अंगणात झाली होती, तेव्हा बसायला सतरंज्या कमी पडल्या. हल्ली मी एकटी असते, आणि सतरंजी मोठी आईने वाळवणासाठी परत घेतली.

छपाईत उरलेली पत्रकंही तिनेच घेतली. डब्यांच्या तळाशी घालते. "तुहा कागद चांगला हाये वं," म्हणते. "तेल मुरत नाई त्याच्यात." सरकारने ज्याची दखल घेतली नाही ते सगळं आमच्या घरात पापडांच्या खाली आहे.

*

गाडीला झुकझुक म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. हिवाळ्यात शहरांतून लोक येतात, गळ्यात कॅमेरे अडकवून. रुळांत उगवलेल्या गवताचा फोटो काढायला एक जण चक्क पालथा पडला होता. त्यांच्यातल्या एकीने मोठी आईला विचारलं, "आजी, डोक्यावर घागर घेऊन रुळांवरून चालाल का?"

"काऊन?" मोठी आईने विचारलं.

"फोटो छान येईल."

"माह्या घरी नळ हाये," मोठी आई म्हणाली आणि आत निघून गेली.

त्या लोकांना मी तोंडावर सांगते. ही लाईन आमच्यासाठी टाकलीच नव्हती. कापसासाठी टाकली होती. वऱ्हाडातलं पांढरं सोनं बंदरापर्यंत आणि तिथून विलायतेच्या गिरण्यांपर्यंत न्यायचं होतं. माणसं मागून चढली, कापसाच्या गठाणींच्या बाजूला अंग चोरून. वर्षानुवर्षं ती बैलगाडीच्या चालीने चालली. चढ लागला की पोरं उतरून तिच्यासोबत चालायची आणि पुन्हा चढायची. यात गोड काय आहे? बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला रुळाची सोय नाही, पोरींना कॉलेजला जायला शेवटच्या एसटीशिवाय आधार नाही, आणि तुम्ही गवताचा फोटो काढता. हे सगळं मी बोलते, आणि मनापासून बोलते. एक शब्द मागे घ्यायचा नाही.

पण नवतपा लागतो. अंगणात खाटा पडतात, उडदाच्या पिठाचा उग्र वास सुटतो, आणि माझ्या सगळ्या पत्रकांच्या खालून ते इंजिन निघून येतं. बुटकं, काळं, पोटात आग घेतलेलं. मग माझं काही चालत नाही.

*

तो वाफेचा शेवटचा उन्हाळा होता. तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं.

सकाळची गाडी आम्ही उभे राहून बघायचो. कुंपणाच्या काट्यांपाशी दादा पुढे, मी मागे, तोंडात राखुंडी. आधी आवाज यायचा तो गाडीचा नाही, कावळ्यांचा. सिग्नलच्या खांबावरचे कावळे एकदम उठले की समजायचं, पलीकडच्या वळणावर आली. मग बाभळींच्या वर धूर, मग जमिनीतून तळपायाला लागणारी बारीक थरथर, मग ती. जवळून जाताना तिच्या अंगाची धग गालांवर यायची. भट्टीचं दार उघडं असलं की आतला लाल-पिवळा गोळा क्षणभर दिसायचा, आणि त्याच्या उजेडात कोळसा टाकणाऱ्याचं घामाने चमकणारं पोट. मागून डबे यायचे, एखाद्या मोठ्या माणसाच्या मागे चालणाऱ्या पोरांसारखे, डुलत. खिडकीतून कुणी हात केला की आम्ही दोन्ही हात करायचो. ती गेल्यावर हवेत वास राहायचा. उकडलेल्या अंड्यासारखा. आमच्या घरी अंडं चालत नसे, त्यामुळे हा वास मला आधी इंजिनाचाच म्हणून माहीत झाला. पुढे कॉलेजच्या मेसमध्ये पहिल्यांदा अंडं सोललं तेव्हा मला रोहणा आठवलं होतं.

दुपारची गाडी मात्र बघायची नसायची. दुपारची गाडी झाकायची असायची.

आमच्या घराची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे काजळी. वाळवणाचे दिवस, अंगणभर खाटा, खाटांवर धोतरं, धोतरांवर पापड, मुगवड्या, काडीवर वळलेले सरगुंडे. आणि दुपारच्या वेळी वारा असा पडलेला असतो की धूर वर जातच नाही, घरंगळत खाली येतो. एक गाडी गेली की पांढऱ्या पापडावर काळे ठिपके. गावातल्या बायकांना ही अडचण नव्हती, त्या मोठी आईला चिडवायच्या, "तुह्या घरचे पापड विटाळले वं इंजिनानं!" पापड लाटायला मात्र तिच्याचकडे जमायच्या, कारण सावली आमच्याच कडुलिंबाची.

म्हणून ती आरोळी. "गाडी आली, झाका!" ही ऐकली की जे असेल ते हातातलं टाकून पळायचं. लुगड्याचं एक टोक दादाकडे, एक माझ्याकडे. नऊवारी लुगडं, ते एकट्याने पसरता येतच नाही, मधेच गोळा होतं. दादा ओरडायचा, "धर वं तिकडून! ताण! पापडाले लागू देऊ नको!" मोठी आई कोपऱ्यांवर दगड ठेवत फिरायची. आणि गाडी अगदी जवळ आली की दादा आणि मी, गरज नसताना, लुगड्याच्या खाली शिरायचो. खाटेखाली, पापडांच्या खाली. वरून लाल लुगड्यातून गाळलेलं ऊन. ओल्या उडदाचा वास. दादाच्या खिशात चोरलेली लाटी, म्हणजे पापडाच्या पिठाचा गोळा, तेल लावलेला, तिखट. ती आम्ही अर्धी अर्धी खायचो आणि वरून गाडी जायची. म्हणजे वरून जात नव्हती, बाजूने जायची, पण वाटायचं वरून चाललीय.

इंजिनाचा ड्रायव्हर अकोल्याकडचा होता. नाव मला कधी कळलं नाही, सगळे डायवरबाबा म्हणायचे. डोक्याला फडकं, भुवयांपर्यंत काळा. त्याने एकदा सकाळी मोठी आईला पापडांवरची काजळी नखाने काढताना पाहिलं होतं. एक एक ठिपका. तेव्हापासून त्याने एक रीत पाडली. आमच्या कडुलिंबाच्या बऱ्याच अलीकडे तो एक आखूड शिट्टी द्यायचा. फाटकाची शिट्टी लांब असायची, ही आखूड. घशात अडकल्यासारखी. ती फक्त आमच्या घरासाठी होती. ती ऐकली की मोठी आई आरोळी ठोकायची. मग इंजिन जवळ आलं की तो दांडीला धरून बाहेर वाकायचा आणि विचारायचा,

"झाकलं का, बाई?"

आणि मोठी आई, लुगड्याच्या कोपऱ्यावर पाय देऊन, कमरेवर हात ठेवून, गावातल्या कुणाशी बोलत नसे इतक्या मोठ्याने सांगायची, "झाकलं! जा!"

तेवढ्या टप्प्यात कोळसा टाकणारा फावडं मांडीवर घेऊन बसून राहायचा. भट्टीत काही टाकायचं नाही. आमच्या घरासमोरून इंजिन उपाशी जायचं. कडुलिंब मागे पडला की पुन्हा फावडं चालू, आणि काळा लोट निघायचा तो पुढच्या शेतावर. आठवड्यातून एखाद्या दिवशी मोठी आई काठीच्या टोकाला फडक्यात बांधलेल्या लाट्या धरून उभी राहायची, आणि चालत्या इंजिनातून तो त्या उचलायचा. बस एवढंच. याच्या पलीकडे त्यांचं बोलणं झालेलं मी ऐकलं नाही. बायकांनी ह्यावरूनही चिडवून घेतलं. "तुह्यासाठी इंजिन उपासी जाते वं!" मोठी आई पाटा धुवत राहायची.

एवढं करूनही थोडी काजळी पडायचीच. ते पापड मग डब्यात भरून नातेवाइकांकडे जायचे. नागपूरच्या मावशीने विचारलं, यात मिरे घातलेत का? मोठी आईने आमच्याकडे बघितलं. आम्ही दोघं जमिनीकडे. "हो," ती म्हणाली, "मिरे हायेत." झालं. नागपूरला आमचे मिऱ्याचे पापड प्रसिद्ध झाले. पुढे इंजिनच गेलं तेव्हा मावशीची तक्रार आली, की यंदा मिऱ्यांत कंजुषी केली वाटतं.

*

सुट्टी संपत आली होती. एका दुपारी आखूड शिट्टी झाली, लुगडं पडलं, आणि गाडी कडुलिंबापाशी चक्क थांबली. लुगड्याखाली आम्ही श्वास धरून. इंजिन जागच्या जागी फुसफुसत होतं, दमलेल्या बैलासारखं. डायवरबाबाचा आवाज आला.

"बाई, पुढच्या साली डिझल येऊन राह्यलं. धूर नाई, काजळी नाई. तुमचे पापड गोरे होतीन आता."

 मग मोठी आई म्हणाली, "गोरे पापड घेऊन मी का करू, बाप्पा?"

तो हसला. कोळसा टाकणाराही हसला. डब्यांतून लोक डोकावून विचारत होते, काऊन थांबली, काऊन थांबली? मग इंजिनाने एक मोठा उसासा टाकला आणि गाडी हलली. मी लुगडं उचलून बघितलं. मोठी आई लाईनीकडे बघत नव्हती. खाटेवरच्या पापडांकडे बघत होती, एक एक उलटत, ते सुकले नव्हते तरी.

पुढच्या उन्हाळ्यात डिझेल आलं. त्याचा आवाज सरळ होता, मधे श्वास न घेणारा. फाटकापाशी भोंगा वाजायचा तो फाटकासाठी. आमच्या घरासमोरून ते नुसतं जायचं. पहिल्या दिवशी मोठी आईने आरोळी दिली, आम्ही लुगडं पसरलं, आणि डिझेलचा ड्रायव्हर, चष्मा घातलेला, समोर बघत निघून गेला. त्याचं काय चुकलं? काहीच नाही. काजळी नव्हती, मग थांबायचं कशाला आणि विचारायचं काय. पण मोठी आई कमरेवर हात ठेवून उभीच होती. तिच्या तोंडात 'झाकलं, जा' तयार होतं. ते कुणी मागितलंच नाही.

मी प्रत्येक पत्रकाच्या शेवटी लिहिते, 'प्रशासनाने याची दखल घ्यावी'. इतक्या वेळा लिहिलं आहे की तो शब्द आता माझ्या हातातून आपोआप उतरतो. पण दखल घेतली म्हणजे नेमकं काय होतं, हे मला कुणी विचारलं तर माझ्यापाशी उदाहरण एकच आहे. अख्ख्या रेल्वेत एक माणूस होता, ज्याला माहीत होतं की या कडुलिंबापाशी एक घर आहे, त्या घरात एक बाई आहे, आणि तिने खाटेवर काहीतरी सुकत घातलं आहे. त्याने तेवढ्यासाठी फावडं थांबवलं. धूर होता म्हणून त्याला आम्ही दिसलो. धूर गेला आणि आम्ही दिसेनासे झालो. हे मी चौकातल्या भाषणात बोलू शकत नाही. भाषणात धुराच्या बाजूने बोलता येत नाही.

*

ह्या नवतप्याच्या सुरुवातीला मी एक नवं पत्रक काढलं. वर मोठी आईचा फोटो, वड्यांवर लुगडं टाकताना. खाली ठळक अक्षरांत: 'रोहण्याची ही माउली अजून गाडीची वाट पाहते आहे! तुम्हाला लाज वाटते का?' मला वाटलं, हे माझं आजवरचं सगळ्यात चांगलं पत्रक. पहिली प्रत तिलाच दिली.

तिने चष्मा लावून सगळं वाचलं. मग चष्मा काढला.

"कोन वाट पाहून राह्यलं?"

"तू."

"मी वाट नाई पाहून राह्यली. मी झाकून राह्यली."

"पण गाडी बंद आहे ना, मोठी आई."

"मले मालूम हाये बंद हाये. मी का येडी आहो का?" ती चिडली. "मले दिसते ना, रुयावर बोरी उगवल्या म्हनून."

"मग काऊन झाकतेस रोज? काऊन ओरडतेस?"

तिने पत्रकाची घडी घातली, व्यवस्थित, डब्याच्या मापाची. "दिवसभरात तेवढंच बोलनं होते माहं, मोठ्यानं," ती म्हणाली.

ते पत्रक मी वाटलं नाही. पूर्ण गठ्ठा अजून कोठीत आहे.

पण एक प्रत तोवर मी दादाला मोबाईलवर पाठवून बसले होते, आणि तो ती बघून निघालाच. पुण्यात राहून त्याची बोली पार घासून गेलीय. 'अगं' म्हणतो, 'मला' म्हणतो. आल्या आल्या पाणीही न पिता म्हणाला, "अगं, हे नॉर्मल नाहीये. ती भास होऊन ओरडते, आणि तू त्याचा फोटो काढून छापतेस?"

"भास नाहीत तिला. तिला सगळं कळतं."

"मग नसलेल्या गाडीसाठी रोज झाकते ते काय आहे?"

मी बोलायला लागले. माझं बोलणं मला ऐकू येत होतं, कर्ण्यातून यावं तसं. वृद्ध स्त्रीचा स्वतःच्या घरावरचा हक्क. तिला विचारल्याशिवाय निर्णय घेणारे तुम्ही कोण. मुद्दे सगळे बरोबर होते. आम्ही दोघं अंगणात, कडुलिंबाखाली, समोरासमोर. बाजूला खाटेवर सकाळी घातलेल्या मुगवड्या. मोठी आई ओट्यावर बसून आमच्याकडे बघत होती, दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय असं. ऊन कललं. तिने मान वर केली.

"गाडी आली, झाका!"

आणि दादा पळाला. वाक्य अर्धं टाकून पळाला. हातातला फोन कुठे पडला त्याला कळलंही नाही. ओट्यावरचं लुगडं उचललं, एक टोक हिसडून माझ्याकडे फेकलं आणि ओरडला, "धर वं तिकडून! ताण! ताण ना!"

मी धरलं. ताणलं. वड्यांना लागू दिलं नाही.

आम्ही तसेच उभे राहिलो. पोट सुटलेला, केस पिकायला लागलेला माझा भाऊ, आणि मी. मधे लाल लुगडं, विरून जाळी झालेलं, त्यातून खाली वड्यांवर पडलेली उन्हाची चाळण. लाईनीवर काही नव्हतं. बोरीच्या झुडपात सातभाई पक्ष्यांचा एक थवा कलकलत होता. गाडी जायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ गेला. मला कळेना, खाली कधी करायचं.

"गेली?" मोठी आईने ओट्यावरून विचारलं.

दादाने लाईनीकडे बघितलं. खरंच बघितलं, डावीकडून उजवीकडे. "गेली," तो म्हणाला. आणि त्याचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं.

मला वाटलं, मी जिंकले. आता तो तिला कशाला नेतोय?

मोठी आई उठून आली. त्याच्या हातातलं टोक घेतलं, माझ्याकडचं टोक मागितलं. "तुह्या पोरायले सुट्ट्या हायेत ना?" तिने दादाला विचारलं. "गॅलरीत ऊन येते का?"

"येतं," दादा म्हणाला. "दुपारी येतं."

"मंग येतो मी."

माझ्या तोंडून निघालं, "आणि लाईन? मी तुझ्यासाठी गाडी आणून राहिले ना, मोठी आई!" रागाने निघालं, आणि लहानपणीच्या बोलीत निघालं.

"आन ना. आनू नको म्हनलं का मी?" ती लुगड्याची घडी घालत होती. "तुही मोठी गाडी इथं थांबन का?"

मी खोटं बोलत नाही. थांबा रोहण्याला मागितला आहे, कडुलिंबाला नाही. "नाही. फाटकापाशी भोंगा देईल."

"काचा रायतीन ना तिले? बंद?"

"हो."

"मंग," ती म्हणाली. आणि घडी माझ्या हातात दिली. "तू कुठं अस्ते वं दुपारची घरी? तू आर्वीले, तू पुलगावले. त्याच्या घरी दोन पोरं हायेत. दोन टोकं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. वड्यांना किती ऊन लागेल हे सांगावं तसं सांगितलं. मी हातातली घडी उलगडली आणि पुन्हा घातली. चौकात मी कुणालाही उत्तर देते.

*

ती परवा गेली. सकाळीच, ऊन चढायच्या आत. दादाच्या गाडीत बसताना तिने पदराची गाठ दोनदा तपासली, कडुलिंबाकडे एकदाही बघितलं नाही, आणि काच खाली करून मला एवढंच म्हणाली, "वड्यायले अजून दोन उन्हं लागतीन. घाईनं भरू नको, बुरशी धरते. येजो तिकडं."

काच वर गेली. धूळ बसायला वेळ लागला.

घर रिकामं झालं की त्यातल्या वस्तू मोठ्या होतात. पाटा मोठा झाला. माठ मोठा झाला. रात्री मला पहिल्यांदा कळलं की गाव इथून किती लांब आहे, आणि ती इतकी वर्षं या लांबवर झोपत होती. मोठे बाबा नाहीत, पोर नाही, आधी धूर तरी होता. मी तर तिच्या घरात राहून दिवसभर तिच्याच लाईनीसाठी हिंडत होते. आम्ही दोघी एका छपराखाली वेगवेगळ्या गाड्यांसाठी उभ्या होतो.

आज मी घरीच थांबले. आर्वीला जायचं होतं, गेले नाही. ओट्यावर बसून निवेदन लिहीत होते. शेवटची ओळ आली, 'तरी आपण याची', आणि हात तिथेच थांबला. समोर खाटेवर मुगवड्या. वरून कोरड्या, पोटात अजून ओल्या. वारा पडलेला. कडुलिंबाची सावली स्वतःच्या बुंध्याखाली गोळा झालेली, ती आता हळूच सरकायला लागली होती. ऊन कललं. सगळीकडे शांत. ओरडावं असं मला वाटलं, पण कुणाला उद्देशून ओरडायचं ते कळेना.

फोन वाजला.

"झाकलं का वं?"

मागे पोरांचा गोंधळ ऐकू येत होता. कुणीतरी ओरडत होतं, "आजी, मी धरणार, तू नको!" आणि मग कुकरची एक शिट्टी, आखूड, अर्ध्यावर तुटलेली.

फोन कानाशी धरून मी पळाले. लुगड्याचं एक टोक दगडाखाली दाबलं, दुसरं एका हाताने ओढत नेलं. मधे गोळा झालं. पुन्हा ओढलं. शेवटची वडी झाकली गेली तेव्हा मला धाप लागली होती. मी कोपऱ्यावर पाय दिला, रिकामा हात कमरेवर ठेवला, आणि लाईनीवरच्या बोरींवरून, सातभाईंवरून, जितक्या मोठ्याने ओरडता येईल तितक्या मोठ्याने ओरडले, "झाकलं! जा!"

तिने फोन ठेवला नाही. मीही नाही. गाडी जायला लागतो तेवढा वेळ आम्ही दोघी तशाच थांबलो.

"गेली," मोठी आई म्हणाली.

मी लुगडं काढलं.